दोन तासांची कूस

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या पुस्तकात होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ती चिमटा. एक तर घाणेरडी चादर ती कधी अख्खी हातात घ्यायची नाही. दोन बोटांच्या चिमटीत कोपरा धरून अशी झटकायची की आत अडकलेली सुई, कात्री, एखाद्या म्हाताऱ्याची कवळी, जे काय असेल ते खणकन फरशीवर पडायचं. आणि दुसरं म्हणजे, एकदा धरलं की सोडायची नाही. मग ती चादर असो, मुकादम असो, नाहीतर तुमचं माझं मानगूट.

तिचं काम निवडणीचं. वॉर्डावॉर्डांतून गाड्या येत, ती ढिगासमोर उभी राहून कपडे वेगळे करायची आणि गाठोड्यांना दोऱ्याची गाठ मारायची. लाल दोरा ऑपरेशनचा, निळा पुरुषांचा, हिरवा पोरांचा. आणि काळा म्हणजे बाद. फाटलेलं, कुजलेलं, डागाने मेलेलं. ते थेट चिंध्या करणाऱ्याकडे. काळ्या गाठीचं गाठोडं पुन्हा कुणी उघडायचं नाही, हा धुलाईखान्याचा कायदा. कधीतरी एका बाईने चांगला टॉवेल दिसतोय म्हणून असं गाठोडं उघडलं आणि आतली सुई तळहातात शिरली. तेव्हापासून ठरलं: गाठ मारणाऱ्याने बघितलंय, आता दुसऱ्याने बघायचं नाही. वीस वर्षांत चिमटाने एकदाही काळी गाठ सोडली नव्हती. हात आपोआप ती बाजूला सारायचे, डोक्याला विचारतसुद्धा नव्हते.

नवरा तिचा रंगारी. तीन महिन्यांपूर्वी चौथ्या मजल्यावर परांचीची दोरी सुटली आणि तो वाळूच्या ढिगावर पडला. वाळू होती म्हणून जगला, असं सगळे सांगायला येत, जणू वाळू त्यांनीच टाकली होती. कंत्राटदार म्हणाला, हा आमच्याकडे कामाला नव्हताच. मग काय हा माणूस सकाळी उठून हौसेने चौथ्या मजल्यावर चढला होता? पण हा प्रश्न विचारायला जी कचेरी लागते तिचा दरवाजा चिमटाला अजून सापडला नव्हता. कमरेखाली रंगाऱ्याला आता काही कळत नव्हतं. वरचा माणूस मात्र शाबूत होता. खांदे, दंड, आणि जीभ.

शाळा उघडायला आठ दिवस होते. सुट्टीचा दिवस बघून चिमटाने घर उपसायला काढलं.

घर म्हणजे एक खोली, आणि खोलीच्या पोटातच स्वयंपाकाचा कट्टा. पूर्वी खाट भिंतीला असायची. आता ती पंख्याखाली, बरोबर मधोमध घ्यावी लागणार होती. अंगाखाली आडवी चादर दुमडून ठेवायची, दोन्ही बाजूंनी तिचे काठ धरायचे आणि माणूस कुशीवर वळवायचा, ही वॉर्डातली रीत. त्याला खाटेच्या दोन्ही अंगांना पाऊल ठेवायला जागा हवी. दर दोन तासांनी कूस. डावी, मग पाठ, मग उजवी. नाही वळवलं तर कातडी आतून कुजते आणि माणसाला पत्ताही लागत नाही, कारण दुखतच नाही. अशा माणसांच्या चादरी चिमटाने वीस वर्षं झटकल्या होत्या. नर्सपेक्षा तिला त्या जास्त ठाऊक होत्या.

"म्हणजे टेबल गेलं," थोरली म्हणाली. ती यंदा दहावीला. टेबल म्हणजे खिडकीपाशी दोन डब्यांवर ठेवलेली फळी, पण त्यावर बसून पोरीने नववीत वर्गात दुसरा नंबर काढला होता.

"टेबल जात नाही. फळी कट्ट्याच्या टोकाला बसवू. स्वयंपाक झाला की कट्टा तुझा."

"आणि स्वयंपाक होईस्तोवर?"

"तोवर तोंडाने पाठ कर. तोंड कुठे जागा अडवतंय?"

"हिचं अडवतं," धाकटी म्हणाली. ती तिसरीत. तिला घर उपसायचं म्हणजे जत्राच वाटत होती. ती रिकाम्या ट्रंकेत बसून हुकूम सोडत होती.

धुलाईखान्यातली रीतच चिमटाने घरी आणली. तीन रंगांचे दोरे. हिरवा दोरा शाळेच्या सामानाला, निळा घरात राहणाऱ्याला, काळा जाणाऱ्याला. पोरींनाही गाठ मारायला शिकवली. थोरलीच्या हाताला ती पटकन बसली. धाकटीने ट्रंकेलाच काळी गाठ मारली आणि एक धपाटा खाल्ला.

रंगारी खाटेवरून सगळं बघत होता. शिडीशी गोष्ट आली तेव्हा मान वळवली.

"तिला हात लावू नकोस."

"सहा फुटांची भिंत अडवलीय तिने. दप्तरं कुठे टांगू, माझ्या गळ्यात?"

"अगं, उद्या उठलो तर?"

चिमटा थांबली. डॉक्टरने जे सांगितलं ते तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत असल्याचं सोंग करत होती.

"उठलात की नवी आणू," ती म्हणाली. "ही तशीही डुगडुगते."

"डुगडुगत नाही. मी बांधलीय ती."

"मग विकत घेणारा दुवा देईल."

शिडीला काळा दोरा बांधताना तिने त्याच्याकडे पाठ केली. त्याने छताकडे. रंगाऱ्याला छताकडे बघण्याची सवय असते, पण ती खालून नव्हे.

भिंत मोकळी झाली तसे तिथे चार खिळे ठोकले. दोन दप्तरांना, दोन गणवेशांना. मधल्या जागेत थोरलीने एक मोठा कागद डकवला आणि पट्टीने घरं आखली. वर दिवस, बाजूला वेळ. पाचला आई उठणार. पावणेसातला आई कामावर, सात ते तीन ड्युटी. सातला थोरली बाबांना कुशीवर करून धाकटीसह शाळेत. एकला शाळेतून परत, तेव्हा थोरली. तीनला आल्यावर आई. पाचला आई. सातला थोरली. घरं भरत गेली. मधे दोनच रिकामी राहिली, नऊ आणि अकरा.

कुणी काही बोललं नाही. पण कागद भिंतीवर होता आणि घर एवढंसं. जेवताना दिसायचा, भांडी घासताना दिसायचा. जो कुणी बघायचा तो आधी त्या दोन रिकाम्या घरांकडे बघायचा, आणि मग, न ठरवता, थोरलीकडे.

नणंदेने ते तोंडाने बोलून टाकलं. भावाला बघायला आली, चहा घेतला, कागद वाचला.

"पोरीला एक वर्ष घरी बसव की गं, वहिनी. वर्षाने काय बिघडतं?"

"तुमच्या पोराला बसवलंत कधी?"

"तो मुलगा आहे."

"मग मुलगाच पाठवा इकडे. नऊला आणि अकराला. बापाच्या जागी मामाच आहे की."

"त्याचा क्लास असतो."

"बघा. त्याचा क्लास असतो, आणि माझीची नुसती शाळा असते."

नणंद उठली. जाताना दारात म्हणाली, "चिडून कूस बदलत नाही, वहिनी." आणि हे खरं होतं, म्हणूनच ते झोंबलं.

दुसऱ्या दिवशी चिमटा मुकादमापुढे उभी राहिली. दुपारची पाळी द्या, तीन ते अकरा. सकाळभर मी घरी राहीन, पोरी शाळेत जातील, त्या आल्यावर मी कामाला.

"दुपारी निवडणीला एकच बाई लागते. अक्का आहे तिथे," मुकादम म्हणाला.

"तिच्याशी बदलून द्या."

"ती हो म्हणते का?"

अक्का नाही म्हणाली. डोळ्यात डोळा घालून म्हणाली, फसवलं नाही. "सकाळी माझी सून कामाला जाते, नातू माझ्या मांडीवर असतो. तू म्हण, चिमटे, तुझ्या नवऱ्यासाठी मी त्याला कुठे ठेवू?" भांडायला समोर शत्रू लागतो. इथे समोर तिच्यासारखीच एक बाई उभी होती. अशी वेळ आणणारे कधीच समोर नसतात, ते नेहमी मीटिंगमध्ये असतात. मुकादमाने अर्ज ठेवून घेतला. म्हणाला, सहा महिन्यांनी पाळ्या बदलतात तेव्हा बघू.

सहा महिन्यांत दहावी संपत आली असती.

बुधवारी कामावर जाण्याआधी तिने दाराशी ठेवलेली काळ्या गाठींची गाठोडी मोजून घेतली. चार. रविवारी तीन होती असं उगाच वाटून गेलं, पण घाई होती, आणि काळी गाठ दिसली की तिचा हात पुढे ढकलायला शिकलेला होता. धुलाईखान्याची बाद गाठोडी नेणारा चिंधीवाला गल्लीच्या तोंडाशी गाडी घेऊन उभाच होता. त्याच्या गाडीत तिने आपली चारही टाकली.

गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली, "तो शाळेचा अर्ज काढ. उद्या शेवटचा दिवस ना? सही करते."

दहावीला बसणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरून तो अर्ज जायचा होता, पालकाच्या सहीने. नाही गेला तर नाव यादीतून कमी, मग पुढच्या वर्षी.

"शाळेत दिलाय," थोरली म्हणाली.

"सहीशिवाय?"

"नंतर घेऊ म्हणाले."

चिमटा भिंतीकडे वळली. धाकटीचं दप्तर खिळ्याला होतं, हिरवा दोरा बांधलेलं. शेजारचा खिळा रिकामा. त्याच्या शेजारचाही.

"दप्तर कुठंय? गणवेश कुठंय?"

थोरली भाजी चिरत राहिली.

"तिने बांधून ठेवलंय," धाकटी म्हणाली. "मी बघितलं. मला म्हणाली, सांगितलंस तर तुझा खोडरबर फेकून देईन."

चिमटा पायातलं न घालताच निघाली. चिंधीवाल्याचं गोदाम तीन गल्ल्या पलीकडे. आत दोन बायका पाटावर बसून विळीवर कापड उभं चिरत होत्या आणि बटणं तोडून डब्यात टाकत होत्या.

"माझं एक गाठोडं चुकून आलंय."

"काळी गाठ होती?" चिंधीवाल्याने विचारलं.

"होती."

"मग चुकून कसं? बाई, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, काळी गाठ सोडून बघायची नाही, थेट चिरायची."

गणवेशाच्या पट्ट्या झाल्या होत्या. निळा स्कर्ट, पांढरा सदरा, बोटभर रुंदीच्या पट्ट्या, गॅरेजवाल्यांना ग्रीस पुसायला. दप्तराचं कापड जाड, म्हणून ते बाजूला होतं. त्याचा बंद अजून गाठीत अडकलेला. चिमटाने तो हातात घेतला आणि उजेडात धरला. दोरा तिचाच. गाठ तिची नव्हती. तिच्या गाठीचा पीळ उजवीकडे जायचा, हिचा डावीकडे गेला होता. घरात डावखुरी एकच होती. चूक झालीच नव्हती. पोरीने स्वतःला नीट निवडून बाद केलं होतं, आणि आईने आपल्या हाताने गाडीत टाकलं होतं.

"कागद होते आत," ती म्हणाली.

"कागद आम्ही कापत नाही. तो ढीग बघा, रद्दीवाला शनिवारी येतो."

ती गुडघ्यावर बसली आणि ढीग निवडू लागली. जे काम वीस वर्षं केलं तेच. वह्या सापडल्या, भूगोल सापडला, आणि इतिहासाच्या पुस्तकात चार घड्या घातलेला तो अर्ज सापडला. कोरा. कापणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "बरं झालं बाई, सापडला." चिमटाला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही.

घरी येऊन तिने अर्ज आधी थोरलीच्या पुढ्यात आपटला आणि मग हात उगारला.

"मार," थोरली म्हणाली. "पण आधी सांग, नऊ आणि अकरा कोण भरणार होतं? सांग ना. चार दिवस तुम्ही सगळे त्या कागदाकडे बघताय आणि मग माझ्याकडे. तोंडाने म्हणायची लाज वाटत होती म्हणून मीच केलं. आत्या तरी सरळ बोलली."

"मी म्हटलं होतं तुला? माझ्या तोंडून एक शब्द तरी?"

"म्हटलं नाहीस. वाट बघत होतीस मी म्हणायची."

हात तसाच हवेत राहिला. कारण पोर खोटं बोलत नव्हती. मुकादमाने नाही म्हटल्यावर, अक्काने नाही म्हटल्यावर, रस्त्याने घरी येताना चिमटाच्या मनात एकदा, एकदाच, आलं होतं की ही आपणहून म्हणाली तर बरं होईल.

"इकडे या दोघी," रंगारी खाटेवरून म्हणाला. "मी मेलेलो नाही अजून. कमरेवरचा तरी नाही. हे हात बघ. चौथ्या मजल्यावर एका हाताने डबा धरून मी लटकलोय. वरून दोर सोडा. माझा मी वळतो."

"कशाला बांधू दोर? छताला आहे काय?"

"पंख्याचा हूक आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. पंखा फिरत होता. त्या घरात वजन पेलेल असा तेवढाच एक हूक होता.

"पंखा काढला तर या उकाड्यात तुमचं काय होईल?"

"घाम येईल. घामाने कुणी शाळेतून काढत नाही."

शुक्रवारी अर्ज शाळेत गेला. गणवेश मागच्या वर्षीचाच, आखूड झालेला, खाली पट्टी जोडून लांब केला. शनिवारी पंखा उतरला आणि हुकाला दोर आला, हाताच्या पकडीला दोन गाठी मारून. रंगाऱ्याने दात आवळले, दंड फुगले, आणि तो खरोखर डाव्या कुशीवर वळला. धाकटीने टाळ्या पिटल्या. "बाबा, आता उजवीकडे!" तो उजवीकडेही वळला. पाय मात्र मागे राहिले, तसेच, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. चिमटाने ते बघितलं. कमरेचा भार जिथल्या तिथे दाबून राहत होता. तिने पाय उशीवर घेतले आणि म्हणाली, "जमतंय की." कागदावर थोरलीने नऊ आणि अकराच्या घरांत लिहिलं, बाबा.

शाळेच्या पहिल्या दिवशी चिमटा पावणेसातला निघाली तेव्हा दोन्ही पोरी वेण्या घालून तयार होत्या. आखूड गणवेश, खाली वेगळ्या निळ्या रंगाची पट्टी. थोरलीने ती दोनदा हाताने झाकून बघितली. चिमटा म्हणाली, "ज्याला दिसेल त्याला सांग, माझ्या आईची फॅशन आहे."

नऊ वाजता धुलाईखान्याचा भोंगा झाला. चिमटाच्या हातात पुरुषांच्या वॉर्डाची चादर होती. ती क्षणभर तशीच धरून उभी राहिली. सुनेला सुट्टी होती म्हणून अक्का त्या दिवशी सकाळी जादा पाळीला आली होती. तिने विचारलं, "काय गं?" "काही नाही," चिमटा म्हणाली आणि चादर झटकली. अकराला पुन्हा तेच. अकराला अक्काने विचारलं नाही.

तीन वीसला ती घरात शिरली. खोलीत तव्यासारखी धग होती. धाकटी नव्या बाईंची नक्कल करून दाखवत होती, रंगारी हसत होता. थोरली कट्ट्यापाशी फळीवर पुस्तक उघडून बसली होती, पाठमोरी.

"एकला मी वळवलं त्यांना," ती मान न वळवता म्हणाली. "बाबा म्हणाले, दोन्ही वेळा जमलं."

"दोन्ही वेळा," रंगारी म्हणाला. "अकराला तर घसरलोही नाही."

चिमटाने त्याच्या अंगाखालची चादर बघितली. माणूस वळला की चादरीला सुरकुती पडते, कमरेपाशी तिरकी. ती सुरकुती वाचायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. सातची एक होती, थोरलीच्या हातची. एकची एक होती. मधे काही नव्हतं. मधे फक्त घामाचा एक ओला ठसा होता, माणसाच्या पाठीएवढा, सहा तास एकाच जागी भिजत राहिलेला.

त्याने दोन्ही मुठी मिटून छातीवर ठेवल्या होत्या. तिने एक उघडली. तळहात दोराने सोलून निघाला होता. ओला हात घसरला असणार. एकदा नव्हे, किती वेळा कुणास ठाऊक. त्याने तिच्याकडे बघितलं आणि हलकेच डोळ्यांनी पोरीच्या पाठीकडे खूण केली. नको.

तिने त्याला भिंतीकडे वळवलं, सदरा वर केला. माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा होता. तिने त्यावर बोट दाबलं आणि उचललं. चांगली कातडी असली तर दाबलेली जागा आधी पांढरी पडते, मग रक्त परत येतं. ही पांढरी पडली नाही. लालच राहिली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा लालच.

"काय दिसतंय?" त्याने भिंतीला विचारलं.

"घामोळं."

"दुखत तर काही नाही."

"मग झालं तर."

फळीवरचं पान उलटल्याचा आवाज आला नाही. थोरली ऐकत होती. अजून पाठमोरीच तिने विचारलं, "आई, उद्या जाऊ ना?"

चिमटाने सदरा खाली ओढला. ओली चादर काढून दुसरी घातली, काठ ताणून, एकही घडी न ठेवता.

"विचारतेस काय?" ती म्हणाली. "सातला निघायचं. पहिला धडा झाला का तुझा?"